मिनिटाला पन्नास

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे गाव भंडारा जिल्ह्याच्या नकाशात तुम्हाला चटकन सापडेल. भोवती सगळी धानाची शेती. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येतो, नदीकाठी पहाटेचे धुके दाटू लागते आणि घरोघरी लहान मुलांचा सर्दी-खोकला सुरू होतो.

समजा, पवनी तालुक्यातले एक खेडे आहे. आसगाव म्हणा, अड्याळ म्हणा. रात्रीचे नऊ वाजले आहेत. एक आई आठ महिन्यांचे मूल कडेवर घेऊन आशाताईंच्या दारात उभी आहे. "दोन दिवस झाले ताई, खोकलूनच राहिला. आज दूधही बरोबर पीत नाही. पाहून द्या ना जरा."

आशाताईंजवळ स्टेथॉस्कोप नाही. क्ष-किरण यंत्राचा तर प्रश्नच नाही. भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय बरेच दूर. प्रश्न एकच आहे : हा साधा खोकला की न्यूमोनिया? साधा खोकला असेल तर औषधाशिवाय आठवड्याभरात जाईल. न्यूमोनिया असेल तर सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते.

ताई आधी विचारतात, "दूध कमी पितो की पीतच नाही?" आई म्हणते, कमी पितो. मग त्या बाळाला आईच्या मांडीवर शांत राहू देतात, त्याचे झबले वर करतात आणि घड्याळाकडे पाहत त्याचे पोट किती वेळा वर-खाली होते ते मोजतात. पूर्ण एक मिनिट. चोपन्न! त्यांच्या पुस्तिकेत लिहिले आहे की दोन महिने पुरे झालेल्या पण वर्षाच्या आतल्या मुलाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असतील तर ते जलद समजावेत. म्हणजे या मुलाला न्यूमोनिया आहे असे धरून पुढची पावले टाकायची.

आता तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात, तेव्हा तुमच्या मनात एक शंका यायलाच हवी. पन्नासच का? पंचेचाळीस का नाही? साठ का नाही? हा आकडा कोणी ठरवला, आणि त्याला तो अधिकार कोणी दिला?

डॉक्टरांनी एखाद्या रोगात काय पाहावे, काय द्यावे, केव्हा मोठ्या रुग्णालयात पाठवावे, हे सांगणाऱ्या लेखी नियमांना उपचार-मार्गदर्शिका म्हणतात. पूर्वी असे नियम बहुधा नामांकित डॉक्टरांच्या अनुभवावरून ठरत. आज ते पुराव्यावरून ठरावेत असा आग्रह असतो. हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात काय करावे लागते ते या एका आकड्याच्या मागे जाऊन पाहू या.

प्रथम थोडे शरीरशास्त्र. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी इवले इवले वायुकोश असतात. हवेतला प्राणवायू त्यांच्या पातळ भिंतींतून रक्तात जातो. न्यूमोनियात जंतूंमुळे काही वायुकोश द्रवाने आणि पूने भरतात. तेवढा भाग निकामी होतो आणि फुप्फुस ताठर बनते. ताठर फुगा फुगवायला जोर लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून शरीर युक्ती करते : प्रत्येक श्वास लहान घ्यायचा, पण श्वासांची संख्या वाढवायची. हेच ते जलद श्वसन. रोग आणखी बळावला की लहान श्वासालाही फार ओढ लावावी लागते, आणि बाळाच्या छातीचा खालचा भाग अजून मऊ असल्याने श्वास घेताना तो बाहेर येण्याऐवजी आत खेचला जातो. विदर्भातल्या कित्येक खेड्यांत या आजाराला 'डब्बा' म्हणतात. आयांना पोट उडताना दिसते, हे लक्षण त्यांनी पुस्तक न वाचता ओळखले आहे. मात्र त्यावर पोटाला डागण्या देण्याची जी चाल काही भागांत आहे तिने वायुकोशातला एकही जंतू मरत नाही, आणि आजारी बाळाला भाजल्याची जखम तेवढी जादा होते.

श्वास जलद होतो हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. परंतु 'जलद' म्हणजे किती, हे मोजून पाहण्याची निकड भासली ती जिथे डॉक्टरच नव्हते अशा ठिकाणी. पापुआ न्यू गिनी या बेटावरच्या देशात गोरोका नावाचे डोंगराळ गाव आहे. तिथे काम करणारे डॉ. फ्रँक शान यांनी खोकणाऱ्या मुलांचे श्वास मोजले आणि स्टेथॉस्कोपने छातीत ऐकू येणाऱ्या आवाजांशी ते ताडून पाहिले. १९८४ साली त्यांनी सुचवले की श्वास मिनिटाला ५० च्या वर असतील तर प्रतिजैविक औषध द्यावे आणि छाती आत खेचली जात असेल तर रुग्णालयात ठेवावे. दोन्ही खुणा डोळ्यांनी दिसणाऱ्या, उपकरणाची गरज नसलेल्या.

पण रेषा कुठेही मारली तरी चुका होणारच. कशा, ते एका खेळाने समजून घेऊ. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. शंभर मुले खोकत आहेत. त्यांतल्या वीस जणांना खरोखर न्यूमोनिया आहे, ऐंशी जणांना साधी सर्दी. तुम्ही रेषा ४० वर मारली, तर वीसपैकी एकोणीस रुग्ण जाळ्यात येतील, पण सर्दीवाल्यांपैकीही पंचेचाळीस जण येतील आणि त्यांना विनाकारण औषध मिळेल. रेषा ६० वर नेली, तर विनाकारण औषध घेणारे उरतील चार, परंतु वीसपैकी फक्त नऊ रुग्ण सापडतील आणि अकरा जण 'काही नाही, घरी जा' म्हणून परत जातील. रेषा ५० वर ठेवली, तर समजा सोळा सापडतील, चार सुटतील आणि सोळा जणांना उगाच औषध जाईल.

यांतली कोणती रेषा बरोबर? गणित याचे उत्तर देत नाही. रुग्ण सुटला तर त्याचा जीव जाऊ शकतो. उगाच औषध दिले तर पैसा जातो, आणि जंतूंना त्या औषधाची सवय होऊन पुढे ते निरुपयोगी ठरते. कोणते नुकसान अधिक मोठे, हे माणसांनी ठरवायचे असते. विज्ञान एवढेच करते की प्रत्येक रेषेची किंमत तुमच्यापुढे आकड्यांत मांडते. माझ्या मते मार्गदर्शिका करण्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजलेला भाग हाच आहे.

आपल्याकडे तमिळनाडूतील वेल्लोर येथे हीच तपासणी झाली आणि १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. तिथे एक गोष्ट स्पष्ट झाली. सगळ्या वयांना एकच रेषा लावणे चुकीचे आहे. मूल वाढते तसा त्याचा नेहमीचा श्वासही मंदावतो. एक वर्षावरच्या मुलांसाठी ५० ऐवजी ४० ही रेषा जास्त चांगली काम करते असे दिसले. अशा अभ्यासांवरून जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास तीन आकडे ठरवले : दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४०. आशाताईंच्या पुस्तिकेतला आकडा असा गोरोका आणि वेल्लोरमार्गे अड्याळला आला आहे.

पण थांबा. रेषा ठरली म्हणजे मुले वाचली असे थोडेच आहे? खेड्यातल्या साध्या माणसाने श्वास मोजून औषध दिले तर मृत्यू खरोखर कमी होतात का, हा वेगळाच प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर पवनीजवळून वाहणाऱ्या नदीनेच आपल्याला नेऊन पोचवावे तिथे मिळाले. वैनगंगा पवनीवरून खाली वडसा असे करत गडचिरोली जिल्ह्यात जाते. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली होती. १९८८ मध्ये त्यांनी एक प्रयोग हाती घेतला.

५८ गावांत त्यांनी लोकांना न्यूमोनियाची लक्षणे समजावली आणि आरोग्य कर्मचारी, गावातलेच निवडलेले सेवक व सुईणी यांना श्वास मोजून को-ट्रायमोक्साझोल हे औषध द्यायला शिकवले. तुलनेसाठी ४४ गावे घेतली. तिथे सरकारी आरोग्यसेवा नेहमीप्रमाणे चालू होती. दोन्हीकडे जन्म आणि मृत्यू यांची काटेकोर नोंद ठेवली.

अडचण आली ती सुईणींची. त्या अनुभवी, विश्वासाच्या, रात्री-अपरात्री घरात शिरू शकणाऱ्या. पण शाळेचे तोंड न पाहिलेल्या. पन्नासपर्यंत मोजणार कशा? म्हणून त्यांच्यासाठी एक साधे श्वासमापक बनवले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली तर मुलाला न्यूमोनिया! तान्ह्या बाळांसाठी मण्यांची ओळ वेगळी. दहापर्यंत मोजता आले की काम भागते. 'लॅन्सेट'मधला आकडा इथे मण्यांत उतरला, आणि मला तरी ही युक्ती एखाद्या मोठ्या यंत्राच्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

निकाल १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. औषध दिलेल्या ६१२ रुग्णांपैकी ०.८ टक्के दगावले. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांपैकी १३.५ टक्के दगावले. केवढा हा फरक! पण हा आकडा जपून वाचा. जिथे सेवक घरोघरी जाऊन श्वास मोजतात तिथे सौम्य आजारही 'न्यूमोनिया' म्हणून नोंदला जातो, आणि सौम्य आजारी सहसा बरे होतातच. तेव्हा रुग्णांपैकी किती गेले यापेक्षा गावातल्या एकूण मुलांपैकी किती गेली, हे पाहणे अधिक सुरक्षित. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने झालेले मृत्यू प्रयोगाच्या गावांत ८.१, तर तुलनेच्या गावांत १७.५. सर्व कारणांनी झालेले मृत्यू धरले तर २८.५ आणि ४०.७. मोजणीची पद्धत कितीही बदलली तरी मृत्यू हा मृत्यूच, तो सौम्य किंवा तीव्र असत नाही. म्हणून या दुसऱ्या जोडीवर माझा भरवसा जास्त आहे.

एखादा चिकित्सक विद्यार्थी इथे हात वर करील. कोणत्या गावांत प्रयोग करायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते का? नव्हते. मग दोन्हीकडच्या गावांत आधीपासूनच काही फरक नसेल कशावरून? शंका रास्त आहे. एकट्या प्रयोगावर देशाचा नियम उभा करायचा नाही, तो यासाठीच. नेपाळ, टांझानिया, पाकिस्तान अशा ठिकाणी वेगवेगळ्या लोकांनी असेच प्रयोग केले. २००३ साली सुनील साजावाल आणि रॉबर्ट ब्लॅक यांनी गडचिरोलीसह अशा नऊ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू सुमारे ३६ टक्क्यांनी, आणि एकूण मृत्यू सुमारे २४ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. एकाचा दोष दुसऱ्यात नसतो. सगळे मिळून एकाच दिशेला बोट दाखवू लागले की खात्री वाढते.

विखुरलेले सगळे अभ्यास शोधून, त्यांतले कच्चे-पक्के पारखून एकत्र मांडण्याची ही कल्पना आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७९ च्या आपल्या एका लेखातून जोरात मांडली. १९९३ मध्ये त्यांच्या नावाने त्यासाठी संस्थाच निघाली. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण २००७ साली झालेल्या एका पाहणीत खुद्द जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकाही पुराव्यापेक्षा तज्ज्ञांच्या मतांवरच जास्त विसंबून असल्याचे दिसले. त्यानंतर संघटनेने आपल्या नियमांची छाननी करणारी समिती नेमली. आता प्रत्येक शिफारशीपुढे लिहावे लागते : पुरावा किती भक्कम, आणि शिफारस ठाम की सशर्त.

पुराव्यावर उभा असलेला नियम पुरावा बदलला की बदलतो. न्यूमोनियाला औषध पाच दिवस द्यायचे असा रिवाज होता. पाचच का? भारतातल्या सात रुग्णालयांत २१८८ मुलांवर याची परीक्षा झाली. कोणाला तीन दिवस औषध आणि कोणाला पाच, हे चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने ठरवले. तीन दिवसवाल्यांना नंतरचे दोन दिवस औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली, म्हणजे आईला किंवा डॉक्टरला ओळखता येऊ नये. २००४ साली आलेला निकाल असा : तीन दिवसांत बरे झालेले ८९.५ टक्के, पाच दिवसांत ८९.९ टक्के. फरक जवळजवळ नाहीच. छाती आत खेचली जाणाऱ्या मुलाला रुग्णालयात ठेवून इंजेक्शनेच द्यावीत हा शान यांच्या काळापासूनचा नियमही असाच तपासला गेला. पाकिस्तानात सुमारे दोन हजार मुलांवर झालेल्या परीक्षेत, इतर धोक्याची लक्षणे नसलेल्या मुलांना घरी तोंडाने दिलेले अमॉक्सिसिलीन रुग्णालयातल्या इंजेक्शनाइतकेच उपयोगी पडले. अशा अभ्यासांच्या आधारे २०१४ मध्ये संघटनेने आपला तक्ता बदलला. दरम्यान जंतू को-ट्रायमोक्साझोलला दाद देईनासे झाले होते, म्हणून पहिली पसंती अमॉक्सिसिलीनला मिळाली.

आणि वाद अजून मिटलेला नाही. फक्त श्वास जलद आहे, बाकी काही नाही, अशा मुलांपैकी पुष्कळांना विषाणूंचा त्रास असतो आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. मग त्यांना औषध द्यायचेच कशाला? कराचीत ४००२ मुलांवर हे तपासले आणि २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्यांपैकी २.६ टक्के मुलांचा आजार वाढला किंवा हटला नाही. खोटी गोळी मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के. म्हणजे ४४ मुलांना औषध द्यावे तेव्हा त्यातून एकाचा आजार चिघळायचा टळतो. उरलेल्या ४३ जणांना ते घेतले काय, न घेतले काय, सारखेच. समितीत तुम्ही असता तर औषध द्या म्हणाला असता की नको? वर्गात दोन बाजू करून वाद घालून पाहा. एका बाजूला सांगा की त्यांचे गाव रुग्णालयापासून पाच मिनिटांवर आहे, आणि दुसरीला सांगा की पावसाळ्यात त्यांचा रस्ता पाण्याखाली जातो. उत्तरे वेगळी येतील, आणि दोन्ही शहाणपणाची असू शकतील.

आता पुन्हा आपल्या आशाताईंकडे येऊ. ग्रामीण भारतात २००५ पासून आशा कार्यकर्त्या काम करू लागल्या. २०१९ मध्ये केंद्र सरकारने बालन्यूमोनियाविरुद्ध 'सांस' नावाची मोहीम काढली. तिच्यानुसार न्यूमोनियाची लक्षणे दिसली तर आशांनी अमॉक्सिसिलीनची पहिली मात्रा देऊन मुलाला पुढे पाठवायचे असते. त्यांच्या हाताशी असलेला तक्ता तीन रंगांचा असतो. गुलाबी म्हणजे ताबडतोब रुग्णालय : मूल काहीच पीत नाही, झटके येतात, उठवले तरी जागे होत नाही. पिवळा म्हणजे औषध आणि पुन्हा तपासणी. हिरवा म्हणजे घरची काळजी पुरे. शेकडो पानांचे अहवाल शेवटी या तीन रंगांत मावतात.

आपल्या कल्पनेतल्या बाळाचा रंग पिवळा निघाला. पण तक्ता बरोबर असूनही काय काय बिघडू शकते पाहा. ताईंच्या पेटीतले औषध संपलेले असू शकते. मूल रडत असताना मोजले तर चोपन्नाचे सत्तर होतात. आई सकाळी कापणीला गेली तर दुसरी मात्रा चुकते. दोन मात्रांनी मूल खेळू लागले की उरलेली बाटली पुढच्या खोकल्यासाठी जपून ठेवली जाते. गावातला दुकानदार कसले तरी खोकल्याचे गोड औषध पुढे करतो. यांतली एकही गोष्ट प्रयोगशाळेत दिसत नाही. म्हणून आता नियम तयार करण्याइतकाच तो पाळला का जात नाही, याचाही शास्त्रशुद्ध अभ्यास होऊ लागला आहे. ताईंना दर काही महिन्यांनी पुन्हा मोजायला लावणे, औषधाचा साठा तपासणे, तिसऱ्या दिवशी घरी भेट देणे, ही कामे दिसायला किरकोळ आहेत, पण त्यांच्यावाचून पन्नासचा आकडा कागदावरच राहतो.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रयोग. घरात किंवा शेजारी पाच वर्षांच्या आतले निरोगी मूल असेल तर ते झोपलेले असताना त्याच्या आईच्या परवानगीने त्याचे श्वास मोजा. पोट वर आले आणि खाली गेले म्हणजे एक श्वास. मित्राने शेजारी बसून त्याच वेळी वेगळे मोजावे आणि दोघांनी आकडा एकमेकांना न सांगता लिहावा. मग घड्याळाचे फक्त पंधरा सेकंद मोजून चाराने गुणा आणि आलेला आकडा पूर्ण मिनिटाच्या मोजणीशी ताडा. पंधरा सेकंदांत एक श्वास चुकला की उत्तरात चारांची चूक होते, शिवाय लहान मुलांचा श्वास मधेच रेंगाळतो, मधेच पळतो. वर्गातल्या सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा, वयाप्रमाणे गट पाडा, आणि ४०, ५०, ६० या रेषा त्यावर ओढून पाहा. मूल आजारी असेल तर मात्र हा खेळ नाही, सरळ आशाताईंना किंवा डॉक्टरांना बोलवा. आणि दोघांच्या आकड्यांत चार-पाचांहून जास्त फरक पडला तर मूल मधेच जागे झाले होते का ते आठवा, थोडे थांबा आणि पुन्हा मोजा.